हायवेच्या डाव्या हाताला

यंदा चार दिवसांची सलग सुट्टी मिळतेय आणि गाडी काढून कुठंतरी जायचं घरात घाटतंय. गोवा नको, महाबळेश्वर नको यावर एकमत झालं. (आमच्या घरात एकमत होणं हीच बातमी.) मग मी माझं जुनं खूळ पुढं केलं: कोल्हापूर, मिरज, बेळगाव, धारवाड, हुबळी. "तिथं काय आहे?" असा प्रश्न अर्थातच आला. भीमसेन, गंगूबाई, मन्सूर, कुमार गंधर्व, हिराबाई अशी नावं घेतल्यावर विरोध मावळला. मावशीला धारवाडी पेढा आणि बेळगावचा कुंदा पुरला, तिचं मत आधीच फिरलं होतं.

तर रस्ता आखायला बसलो. पुण्याहून बंगलोरकडे जाणारा हायवे म्हणजे आपला जुना एनएच चार, आताचा अठ्ठेचाळीस. कोल्हापूर, कागल, निपाणी, बेळगाव, धारवाड, हुबळी... सरळ रेघ. मग बघायच्या जागांवर पेन्सिलीनं खुणा केल्या आणि एक गंमत दिसली. इचलकरंजी, कुरुंदवाड, मिरज, सुळेभावी, कुंदगोळ, गदग, सगळं हायवेच्या डाव्या हाताला. एकही गाव रस्त्यावर नाही. उजवीकडे म्हणाल तर धारवाडजवळचं मन्सूर तेवढं. नुसता हायवे धरून गेलो तर चार दिवसांत भरपूर टोल भरू, उत्तम कॉफी पिऊ, आणि ज्यासाठी निघालो ते बहुतेक सगळं डाव्या खिडकीबाहेर राहून जाईल.

असं का, हे बघायला रेल्वेचा नकाशा काढला आणि कोडं सुटलं. मिरज जंक्शन, सुळेभावी स्टेशन, हुबळी जंक्शन, कुंदगोळ स्टेशन, गदग जंक्शन. आपण ज्याला 'धारवाडकडचं गाणं' म्हणतो ते हायवेच्या नव्हे, रेल्वेच्या कडेला उगवलंय. हा भाग पाहायचा तर बैठक कुणाची, घराणं कुठलं हे विचारायच्या आधी गाडी कुठली हे विचारायला हवं, असं आता माझं ठाम मत झालं आहे. आणि प्रवास मात्र मोटारीनं करतोय!

ही रेल्वे गाण्यासाठी कुणी आणली नव्हती, हे सांगायला नकोच. १८७६ ते ७८ च्या भयंकर दुष्काळानंतर या कोरड्या मुलखात धान्य पोचवायला रेल्वे हवी, अशी निकड सरकारला वाटली. शिवाय धारवाडकडचा कापूस बंदरापर्यंत न्यायचा होताच. १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी निघाली. तिचं मुख्य कार्यालय धारवाडला होतं आणि त्या इमारतीत आज कर्नाटक कॉलेज आहे. पुढच्या आठदहा वर्षांत पुणे, मिरज, बेळगाव, लोंढा, धारवाड, हुबळी अशी गावं रुळांनी जोडली गेली. लोंढ्याहून एक फाटा मुरगावला, हुबळीहून एक गदगला, एक खाली म्हैसूरच्या दिशेला. कोल्हापूरला मिरजेहून फाटा आला तो १८९१ मध्ये, आणि तिथंच संपला. धान्यासाठी आखलेली, कापसासाठी वाढवलेली रेल्वे. गवई त्यात फुकट आले म्हणायचे.

त्याआधीची पिढी कशी शिकली ते आठवा. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९ ते १९२६) ख्याल शिकायला इथून उत्तरेत गेले ते मजल दरमजल करत, हाल सोसत. ग्वाल्हेरच्या वासुदेवबुवा जोश्यांकडून विद्या घेऊन ते परतले, मिरजेत राहिले, मग इचलकरंजीच्या घोरपडे जहागीरदारांच्या पदरी. विद्या आणायला एक आयुष्य खर्ची पडलं. पुढच्या पिढीत मात्र उलट झालं. शिष्य उत्तरेला जाण्याऐवजी उस्तादच खाली यायला लागले.

ते का येत? म्हैसूरचा दरबार हे एक मोठं आकर्षण. दसऱ्याला तिथं हिंदुस्थानी गवयांनाही बोलावणं असे, बिदागी चांगली असे. मुंबई-पुण्याकडून म्हैसूरला निघालेला गवई मिरजेवरून, धारवाड-हुबळीवरून जाणार. वाटेत मुक्काम पडणार, मुक्कामात कुणी मैफल ठेवणार, मैफलीत कोपऱ्यात एखादा पोरगा बसलेला असणार. शिवाय वाटेत संस्थानं किती! सांगली, थोरली नि धाकटी मिरज, कुरुंदवाडच्या दोन पात्या, जमखंडी ही सगळी पटवर्धनांची. पलीकडे मुधोळ, रामदुर्ग, सावनूर, आणि सगळ्यांत मोठं कोल्हापूर. एका दिवसाच्या प्रवासात चारपाच राजे. एकानं नाही म्हटलं तर दुसरा होताच.

संस्थानांबद्दल फार गहिवरून लिहायची मात्र माझी तयारी नाही. विष्णू दिगंबर पलुसकर कुरुंदवाडचे. लहानपणी फटाक्यानं डोळे अधू झाले, उपचारासाठी मिरजेला आले आणि बाळकृष्णबुवांकडे गाणं शिकले. मिरजेच्या राजेसाहेबांचा त्यांच्यावर लोभ होता. तरी त्यांचे चरित्रकार सांगतात की गावातल्या एका सार्वजनिक समारंभाला विष्णूपंतांना आमंत्रण आलं आणि त्यांच्या गुरूंना नाही. ते काय, गवई! हे त्यांना इतकं लागलं की १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली. १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, जिथं फी भरून कुणीही शिकू शकेल. राजाश्रयातून गाणं बाहेर काढायची ही खटपट या राजाश्रयाच्या मुलखातल्या माणसानं केली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

कुरुंदवाडला आणखी एका कारणासाठी थांबायचं आहे. सर्कसवाले विष्णुपंत छत्रे. १८८० मध्ये आपल्याकडची पहिली सर्कस काढली ते. हे गृहस्थ ग्वाल्हेरला हद्दू खाँकडे गाणंही शिकले होते. पुढं त्यांना काशीत हद्दू खाँचा मुलगा रहिमत खाँ सापडला, भ्रमिष्ट अवस्थेत, रस्त्यावर. त्यांनी त्याला आपल्या सर्कसबरोबर घेतलं आणि सांभाळलं. वाघसिंहांच्या तंबूबरोबर गावोगाव फिरणारा ग्वाल्हेरचा हा खलिफा! विष्णुपंतांच्या मागे त्यांच्या भावानं सांभाळलं, आणि १९२२ मध्ये रहिमत खाँ कुरुंदवाडलाच गेले. अब्दुल करीम खाँच्या गाण्यावर या रहिमत खाँची छाया होती असं जाणकार म्हणतात. म्हणजे आपण ज्याला किराणा म्हणतो त्यात एका सर्कसचाही हात आहे. :-)

कोल्हापूरला मुक्काम ठेवलेला नाही, दुपारचं जेवण आणि दोन जागा. १८८३ पासून चालत आलेला गायन समाज देवल क्लब, आणि शाहू महाराजांनी बोलावून आणलेल्या अल्लादिया खाँचा पुतळा. तिसरी जागा केशवराव भोसले नाट्यगृह, म्हणजे शाहू महाराजांनी बांधलेलं १९१५ चं पॅलेस थिएटर. ते ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. तिथं थांबावं की नाही यावर आमच्यात अजून वाद चालू आहे.

मिरजेला मात्र पूर्ण दिवस दिला आहे. अब्दुल करीम खाँ १८७२ मध्ये कैराण्यात जन्मले, बडोद्याच्या दरबारात गायले, तिथून ताराबाई माने यांच्याबरोबर निघाले आणि मुंबई करत मिरजेला आले. मिरजेत ते प्लेगनं आजारी पडले, मीरासाहेबांच्या दर्ग्यात गाऊन सेवा केली आणि बरे झाले, असं सांगतात. ते काही असो, मिरज हे त्यांचं घर झालं. १९०५ मध्ये हिराबाई इथंच जन्मली. सुरेशबाबू, हिराबाई, सरस्वतीबाई ही त्यांची मुलं. १९२२ मध्ये ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या आणि मुलं माने झाली, बडोदेकर झाली, राणे झाली. बापाचं नाव गेलं, गळा राहिला. या घरातल्या दुखण्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. घराण्याच्या गोष्टी सांगताना घर गाळायची आपली जुनी सवय.

खाँसाहेबांचा शेवटही रेल्वेतच झाला. १९३७ चा ऑक्टोबर. मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत छातीत दुखायला लागलं म्हणून सिंगपेरुमाल कोविल नावाच्या छोट्या स्टेशनावर उतरले. फलाटावर अंथरूण घातलं, नमाज पढले, थोडं गायले आणि गेले. तारीख २७. तिथून त्यांना मिरजेला आणलं आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात पुरलं. दरवर्षी उरुसात त्यांच्या स्मरणार्थ तिथं गाणं होतं, हजेरी लावायला देशभरातून कलाकार येतात. आमच्या तारखा उरुसाशी जुळत नाहीत, पण कबर बघायला मुहूर्त लागत नाही.

त्याच जुन्या मिरजेत सतारमेकरांची गल्ली आहे. हे मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. इंग्रजी अंमलात तलवारींचं काम आटलं तेव्हा, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, फरीदसाहेब नावाच्या कारागिरानं तंबोरे-सतारी दुरुस्त करता करता स्वतः बनवायला घेतल्या. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, लाकूड तुणीचं. भोपळा वाळवणं, कापणं, दांडी जोडणं, खुंट्या बसवणं हे सगळं नजरेला दिसतं. जवारी मात्र कानानंच लावायची. घोडीचा पृष्ठभाग केसाएवढा कमीजास्त घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, परत घासायचं. अब्दुल करीम खाँ स्वतः वाद्यदुरुस्तीत तरबेज होते, आणि त्यांच्या तंबोऱ्यांच्या जुळणीबद्दल जुनी माणसं अजून हळहळून बोलतात. या गल्लीशेजारी राहून ती जुळणी तशी झाली नसती तरच नवल. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. इलेक्ट्रॉनिक तंबोरा खिशातल्या फोनमध्ये आला असताना ते मिळालं, हेही खरंच.

मिरजेहून बेळगावला जाताना हायवे गाठायची घाई करणार नाही. सुळेभावीवरून वाट काढायची. १९२४ मध्ये इथं शिवपुत्र कोमकली जन्मला, पुढं त्याला लोक कुमार गंधर्व म्हणायला लागले. त्याच वर्षी डिसेंबरात बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष झाले ते एकमेव अधिवेशन. स्वागतगीत गाणाऱ्या मुलींत धारवाडची एक अकरा वर्षांची पोर होती. पुढं तिनं सांगितलं आहे की गाण्याची भीती नव्हती, भीती होती ती जेवणाची. आपल्या जातीमुळे पंगतीत वेगळं तर बसवणार नाहीत ना? ती गंगूबाई हनगल.

बेळगाव ओलांडताना एक विषय निघणारच. कागलच्या पुढं कोगनोळीच्या टोलनाक्यावर पाट्या बदलतात, तेव्हाच तो निघेल. ८ मार्च १९४८ ला पटवर्धनांची संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव, धारवाड, विजापूर म्हैसूर राज्यात गेले. त्यावर अजून भांडण आहे आणि ते खरं भांडण आहे, ब्लॉगवर सुटणारं नाही. पण अशा वेळी हमखास कुणीतरी 'संगीताला सीमा नसतात' असं म्हणतं, ते मला पटत नाही. संगीताला भाषा होती, नाटक कंपनी होती, तिकीट होतं. कानडी घरातले रामभाऊ कुंदगोळकर मराठी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करून सवाई गंधर्व झाले, ते सीमा नव्हती म्हणून नव्हे. तेव्हा मराठी नाटक कंपन्यांत पैसा आणि प्रेक्षक होता म्हणून. त्याच काळात घरी मराठी बोलणारे धारवाडचे बेंद्रे कानडीतले थोर कवी झाले. आणि आपले जी. ए. कुलकर्णी धारवाडमध्ये बसून, कॉलेजात इंग्रजी शिकवत, मराठी कथा लिहीत होते. एकाच गावात हे सगळं. यातून धडा काय काढायचा मला ठाऊक नाही, पण साधनकेरीला बेंद्र्यांच्या घरी जायचं मी यादीत घातलं आहे, आणि जीएंची भक्त मंडळी गाडीत दोन आहेत.

धारवाडमध्ये मल्लिकार्जुन मन्सूरांचं 'मृत्युंजय' हे घर स्मारक म्हणून जपलं आहे. मन्सूर गाव तिथून जवळच. नाटक कंपनीत गाणारा हा मुलगा नीलकंठबुवा अलूरमठांनी ऐकला आणि मिरजेला नेला. नीलकंठबुवा म्हणजे बाळकृष्णबुवांचे शिष्य. त्यानंतर अल्लादिया खाँचे चिरंजीव मंजी खाँ, ते १९३७ मध्ये गेल्यावर धाकटे भूर्जी खाँ. नकाशावर बोट फिरवा: मन्सूर, मिरज, मुंबई, कोल्हापूर, आणि परत धारवाड. आयुष्याच्या शेवटापर्यंत माणूस धारवाडलाच राहिला. मुंबईत राहून अधिक मिळालं असतं, हे त्यांना कळत नव्हतं असं थोडंच आहे?

गदगवर मात्र फुली मारावी लागली, आणि ती फुली मला सलते आहे. तिथं वीरेश्वर पुण्याश्रम आहे. पंचाक्षरी गवई (१८९२ ते १९४४) स्वतः अंध, त्यांचे शिष्य पुट्टराज गवईही (१९१४ ते २०१०) अंध, आणि दोघांनी मिळून अंध व गरीब मुलांना गाणं-वाजवणं शिकवणारी परंपरा उभी केली. बसवराज राजगुरू पंचाक्षरींचे शिष्य. राजा नाही, संस्थान नाही. भिक्षा आणि नाटक कंपनी यांवर चाललेलं गुरुकुल. चार दिवसांत बसत नाही. कोल्हापूर गाळून गदग घ्यावं का, असं अजून मनात येतं.

भीमसेन गदगचेच. अकरा वर्षांच्या या मुलानं खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी तबकडीवर ऐकली आणि १९३३ मध्ये घर सोडलं. खिशात पैसे नाहीत. विनातिकीट गाडीत चढायचं, प्रवाशांना नि तिकीट तपासनिसाला गाऊन खूश करायचं. विजापूर, पुणे, ग्वाल्हेर, कलकत्ता, दिल्ली, जालंधर. (वर तिकीट लागतं म्हणालो, त्याला हा एवढा अपवाद.) जालंधरला विनायकराव पटवर्धन भेटले, ते मूळचे मिरजेचे. ते म्हणाले, अरे, एवढ्या लांब कशाला आलास, तुझ्या गावाशेजारी सवाई गंधर्व आहेत, त्यांच्याकडे जा. अर्धा हिंदुस्थान पालथा घालून पोरगा पोचला कुठं, तर कुंदगोळला. याच भीमसेनांना पुढं मोटारीचं वेड लागलं, रात्रभर स्वतः गाडी हाकत ते मैफलीच्या गावी पोचत. रेल्वेनं घडवलेल्या गवयांपैकी रस्त्यावर आलेले ते पहिले, असं म्हणायला हरकत नाही.

कुंदगोळ हे या सहलीचं शेवटचं ठिकाण. हुबळीपासून वीसेक किलोमीटर, आणि एकेकाळी आजूबाजूला इंग्रजी मुलूख असताना हा तुकडा जमखंडी संस्थानचा. म्हैसूरला जातायेता खाँसाहेब इथं नाडगीरांच्या वाड्यावर उतरत. तिथंच रामभाऊंनी त्यांना ऐकलं आणि पुढं त्यांच्यामागे मिरज गाठली. रामभाऊंचा जन्म अमरगोळचा, आडनाव सौंशी. अमरगोळ हे हुबळीअलीकडचं स्टेशन, सौंशी हे कुंदगोळनंतरचं. अख्खं घराणंच टाइमटेबलात! १९५२ मध्ये ते पुण्याला वारले, पुण्याचा महोत्सव सगळ्यांना माहीत आहे. पण कुंदगोळलाही त्यांच्या पुण्यतिथीला नाडगीर वाड्यात रात्रभर गाणं होतं, हे पुण्यातल्या कितीजणांना ठाऊक असेल?

१९३८ च्या सुमारास गंगूबाई इथं शिकायला यायच्या. हुबळीला घर, संसार, लेकरं. तिथून रोज गाडीनं कुंदगोळ, तालीम, आणि परत गाडीनं हुबळी. शिकवणी कधी एका पलट्याची, तासन्‌तास तीच. रात्री स्टेशनापर्यंत सोबतीला भीमसेन यायचे म्हणे. अक्का आणि भीमण्णा, दोघं अंधारातून स्टेशनाकडे चाललेत, आणि दोघांच्या डोक्यात सकाळपासूनचा तोच पलटा.

म्हणून ठरवलंय, चौथ्या दिवशी मोटार हुबळीला ठेवायची आणि कुंदगोळला पॅसेंजरनं जायचं. घरातल्या दोघांना हे वेडेपणाचं वाटतं, कारण मोटारीनं अर्ध्या-पाऊण तासाचं काम. पण स्टेशन ते वाडा हे अंतर मला चालून बघायचंय. जायची गाडी सापडली आहे. परतीची सोयीची काही जमत नाहीये; कुणी त्या बाजूचं वाचत असेल तर कृपया सांगा.